ए टुरा…!

"ए टुरा, चार चहा आन बे लवकर!"

मित्रांनो, हे वाक्य मी गेल्या तीन वर्षांत किती वेळा उच्चारलं असेल याचा हिशोब सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरही लागणार नाही. सबमिशन असो, व्हायवा असो, नाहीतर नुसताच कंटाळा. गेटसमोरची टपरी आणि तिथला तो पोरगा, एवढं आपल्याला पुरतं. तो पोरगा चौथ्या हाकेला कधी ओ देत नाही, पहिल्याच हाकेला येतो. म्हणून तर आपण त्याला लाडानं 'फास्ट टुरा' म्हणतो. निदान मला तरी तो लाड वाटत होता.

गेल्या सेमिस्टरला बाबा मला भेटायला आले. सोबत नव्या धानाचे तांदूळ आणि मेसचे पैसे. मी त्यांना ऐटीत टपरीवर नेलं. मित्र होतेच. नेहमीच्या आवाजात ऑर्डर सोडली, "ए टुरा…" पोरगा चहा घेऊन आला, तर बाबा चटकन उठले, त्याच्या हातातला ट्रे स्वतः घेतला आणि सगळ्यांना ग्लास वाटले. चहा झाल्यावर रिकामे ग्लासही तेच गोळा करून बादलीपाशी ठेवून आले. मित्र माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगतो, मला त्या वेळी बाबांची लाज वाटली. कॉलेजात आल्यावर तरी माणसानं जरा…

बसस्टँडपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "मले बी असंच म्हनत होते."

मग जे सांगितलं ते मी बावीस वर्षांचा होईपर्यंत मला माहीतच नव्हतं. अकराव्या वर्षी ते गोंदिया स्टेशनजवळच्या एका हॉटेलात कपबशा धुवायला लागले. चार वर्षं तिथंच, भट्टीजवळच्या बाकाखाली झोपायचे. हावड्याच्या गाड्या रात्रभर येत, त्यामुळे झोप अशी नव्हतीच. चार वर्षांनी राईस मिलमध्ये काम मिळालं म्हणून हॉटेल सोडायला निघाले, तेव्हा शेवटचा हिशोब लिहायला मालकानं वही उघडली आणि विचारलं, "तुझं नाव काय बे?"

चार वर्षांत पहिल्यांदा!

मी म्हटलं, "पण बाबा, आजीसुद्धा तुम्हाला टुराच म्हणायची ना?" ते हसले. "म्हने ना. पन तिच्या टुऱ्यात अन् मालकाच्या टुऱ्यात लय फरक होता." गाडी सुटली. माझ्या डोक्यात मात्र तो शब्द अडकून बसला.

टुरा म्हणजे मुलगा, टुरी म्हणजे मुलगी. आपल्या झाडीपट्टीतला हा अगदी घरचा शब्द. झाडीबोलीत आहे, पोवारीत आहे आणि सीमेपलीकडे छत्तीसगढीतही आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो कळत नाही. आपल्या बोलीत 'ण' चा 'न' होतो, 'ळ' चा 'र' होतो. त्यावरून हसणारे बरेच भेटतात. पण डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी आयुष्य घालवून या बोलीचे शब्द गोळा केले, तेव्हा कुठं आपल्याला कळलं की आपण 'अशुद्ध' बोलत नाही, वेगळं बोलतो. तर असा हा टुरा. शब्द एकच. आजीच्या तोंडी 'लेकरू' आणि मालकाच्या तोंडी 'नोकर'. हे कसं काय?

याचं उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडलं, अ‍ॅरेमाइक नावाच्या भाषेत!

झालं असं. हॉस्टेलची लाईट गेली होती. माझा रूममेट नागपूरचा, ख्रिस्ती कुटुंबातला. तो मोबाईलच्या उजेडात मराठी बायबल वाचत होता. मध्येच दोन शब्द ऐकू आले : 'तलिथा कूम'. म्हटलं, "हे काय मराठी आहे?" तो म्हणाला, "नाही रे, ही येशूची स्वतःची भाषा. अ‍ॅरेमाइक. भाषांतरातही हे शब्द तसेच ठेवतात." गोष्ट अशी की, बारा वर्षांची एक मुलगी मरण पावली आहे, घरात रडारड चालू आहे आणि येशू तिचा हात धरून तिला उठायला सांगतो. मार्कनं गोष्ट ग्रीकमध्ये लिहिली, पण हे दोन शब्द मात्र मूळ भाषेतच ठेवले आणि पुढं त्यांचा अर्थ दिला. कूम म्हणजे ऊठ. आणि तलिथा म्हणजे… आपल्या भाषेत सांगायचं तर 'टुरी'!

बस्स, झोप उडाली. त्या रात्रीपासून थर्मोडायनॅमिक्स बाजूला राहिलं आणि मी शब्दांच्या मागे लागलो.

आधी या भाषेची थोडी ओळख. अ‍ॅरेमाइक ही सीरियाकडची भाषा, हिब्रू आणि अरबीची बहीण. तिचे शिलालेख इसवी सनापूर्वी नवव्या शतकापासून मिळतात. पुढं इराणच्या हखामनी सम्राटांनी तिला कारभाराची भाषा केलं, त्यामुळे ती इजिप्तपासून पार सिंधूपर्यंत पोहोचली. आपल्याला वाटतं की आपला तिच्याशी काय संबंध? पण संबंध आहे. १९५८ मध्ये अफगाणिस्तानात कंदाहारला सम्राट अशोकाचा एक शिलालेख सापडला, तो ग्रीक आणि अ‍ॅरेमाइक अशा दोन भाषांत आहे. अशोकाच्या काळात वायव्येकडे चालणारी खरोष्ठी लिपी, जी उजवीकडून डावीकडे लिहितात, ती अ‍ॅरेमाइक लिपीवरूनच घडली. आणि आपल्या महाराष्ट्रात, कोकणात अलिबागच्या बाजूला जे बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्या घरी मराठी बोलली जाई आणि मृतासाठी म्हटली जाणारी 'कद्दिश' ही प्रार्थना मात्र अ‍ॅरेमाइकमध्ये! सीरियात मालूलासारख्या गावात ही भाषा आजच्या काळापर्यंत बोलली गेली आहे. म्हणजे ही भाषा वाटते तेवढी परकी नाही.

आता शब्दाकडे. 'तलिथा' हे स्त्रीलिंगी रूप. पुल्लिंगी 'तल्या', म्हणजे पोरगा, तरुण. 'तल्यूथा' म्हणजे बालपण, तारुण्य. पण गंमत पुढं आहे. 'तल्या' चा दुसरा अर्थ कोकरू! हिब्रूत 'ताले' म्हणजे कोकरू आणि मेष राशीचं हिब्रू नावही तेच. मेंढपाळांची भाषा ती. त्यांच्या डोळ्यांपुढं 'लहान, कोवळं' म्हटलं की कळपातलं पिल्लू आणि अंगणातलं पोर एकदमच येत असणार.

आपल्याकडंही अगदी हेच घडलं आहे, फक्त मेंढीच्या जागी गाय आहे. संस्कृतात 'वत्स' म्हणजे वासरू आणि 'वत्स' म्हणजे बाळसुद्धा. गाईला वासराबद्दल वाटतं ते 'वात्सल्य'. 'वत्सरूप' या शब्दावरून आपलं 'वासरू' आलं. आता 'कोकरू', 'वासरू', 'शिंगरू', 'पाखरू' हे शब्द मोठ्यानं म्हणा आणि शेवटी 'लेकरू' म्हणा. यमक आपोआप जुळतं ना! मराठीनं माणसाच्या पिल्लालाही त्याच गोठ्यात, त्याच घरट्यात बसवलं आहे. हा झाला आजीचा टुरा.

मग मालकाचा टुरा कुठला? तर 'तल्या' चा तिसरा अर्थ आहे : नोकर.

मला वाटलं हा योगायोग असेल. म्हणून अ‍ॅरेमाइकमधला तरुणासाठीचा दुसरा शब्द पाहिला. तो आहे 'उलैमा'. अर्थ : तरुण मुलगा. दुसरा अर्थ : पुन्हा नोकर! या शब्दाची हिब्रूतली बहीण 'अल्मा', म्हणजे तरुण मुलगी. आणि अरबीतला भाऊ? अ‍ॅरेमाइकमध्ये जो घशातला आवाज 'घ' सारखा होता तो पुढं बोथट झाला, पण अरबीनं तो सांभाळला. म्हणून अरबीत त्याच शब्दाचं रूप झालं… 'गुलाम'!

हो मित्रांनो, गुलाम म्हणजे मुळात 'तरुण पोरगा'. आधी नुसता पोरगा, मग घरात काम करणारा पोरगा, मग विकत घेतलेला पोरगा. अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत तो आला तेव्हा वाटेत त्याचं वय गळून पडलं आणि गळ्यातला साखळदंड तेवढा राहिला. दिल्लीच्या तख्तावर १२०६ ते १२९० राज्य करणाऱ्या सुलतानांना आपण शाळेत 'गुलाम घराणं' म्हणून पाठ केलं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा त्या शब्दात एक पोरगा लपला आहे हे कुणाच्या मनातही आलं नसेल. आपण हॉस्टेलवर पत्ते कुटताना बदामचा गुलाम आपटतो, त्याचं चित्र नीट बघा. तो अजूनही तरुणच आहे!

हे फक्त त्यांच्याकडचं आहे असं म्हणून सुटका नाही. ग्रीक 'पाईस' म्हणजे मूल आणि नोकरही. लॅटिन 'पुएर' म्हणजे मुलगा आणि दासही. इंग्रजीत 'बॉय' म्हणजे मुलगा, पण पन्नाशीचा माणूसही 'ऑफिस बॉय' च. आपल्याकडं 'पोऱ्या' म्हणजे पोर आणि हॉटेलातला 'पोऱ्या' पण. 'गडी' म्हणजे खेळातला सोबती आणि 'सालगडी' म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा माणूस. एवढंच काय, ज्या 'फॅमिली' बद्दल आपण एवढे हळवे होतो, तो शब्द लॅटिनमधल्या 'फामुलस' वरून आला, त्याचा अर्थ घरचा नोकर. जुन्या घरात मुलगा आणि नोकर यांच्यात एक गोष्ट समान होती. दोघांनाही हुकूम सोडता येत होता आणि दोघांनाही उलट बोलता येत नव्हतं.

बरं, सगळ्याच पोरांचं असं झालं का? नाही ना. 'कुमार' म्हणजेही पोरगाच, पण तो राजाच्या घरी जन्मला म्हणून 'राजकुमार'. 'युवा' म्हणजे तरुण, तो गादीचा वारस म्हणून 'युवराज'. फारसीतला 'जवान' हा आपल्या 'युवन्' चा सख्खा भाऊ, त्याच्या हातात बंदूक आली म्हणून त्याला सलाम. (एनसीसीवाल्यांसाठी खास : 'इन्फन्ट्री' हा शब्दही 'इन्फन्ट' म्हणजे बाळ या शब्दाच्याच घराण्यातला आहे!) म्हणजे पोरगा तोच, वय तेच. कुणाच्या घरी जन्मला एवढ्यावर तो युवराज होणार की गुलाम, हे ठरतं. भाषा फक्त नोंद ठेवते. मालकाच्या वहीसारखी.

आता तुम्ही म्हणाल, आपण इंजिनीअर, आपला या सगळ्याशी काय संबंध? मीही तेच म्हणत होतो. मग डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचं जर्नल उघडलं. प्रॅक्टिकल : 'मास्टर-स्लेव्ह जे-के फ्लिप-फ्लॉप'. क्लॉक हाय असताना मास्टर इनपुट घेतो, स्लेव्ह गप्प बसतो. क्लॉक लो झाला की मास्टरनं जे ठरवलं ते स्लेव्ह निमूट पुढं करतो. जुन्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्डडिस्क लावायच्या तर जंपर बदलून एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह करावं लागे. आपण हे शब्द पाठ केले, व्हायवात धडाधड सांगितले आणि एकदाही थांबलो नाही. जगात मात्र काही लोक थांबले. 'पायथन' च्या मंडळींनी २०१८ मध्ये आपल्या भाषेच्या मजकुरातून हे शब्द बदलायला घेतले. २०२० मध्ये 'गिटहब' नं नव्या प्रोजेक्टच्या मुख्य शाखेचं 'मास्टर' हे नाव बदलून 'मेन' केलं. काहींना हा निव्वळ दिखावा वाटला. असेलही. नाव बदललं म्हणून सर्किट बदलत नाही. पण बाबांचा प्रसंग झाल्यावर मला त्यावर हसता आलं नाही.

आणि सगळ्यात मोठा धक्का तर पुढंच आहे. रोबोट! आपल्या टेक-फेस्टचा हिरो. हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगार. त्याच्या मागं स्लाव्ह भाषांतला 'राब', म्हणजे गुलाम. आणि त्याच घराण्यात रशियन 'रेब्योनोक', म्हणजे मूल! भाषातज्ज्ञ ही साखळी आणखी मागं नेतात तेव्हा त्या एकाच मुळाशी इंग्रजीतला 'ऑर्फन' म्हणजे अनाथ येतो आणि संस्कृतातला… 'अर्भक' येतो. अर्भक, अनाथ, वेठबिगार, रोबोट. एकाच कुळातले चौघे! रोबोटिक्स वर्कशॉपच्या बॅनरखाली उभं राहून मी ही साखळी मनात म्हणून पाहिली आणि अंगावर काटा आला. जी कामं करायला आपण यंत्र बनवतो, ती कामं आधी कुणाकडून करून घेतली जात होती याचा पुरावा यंत्राच्या नावातच आहे.

बाबा हॉटेलात होते त्या काळात त्यांना वाचवणारा कायदा जवळजवळ नव्हताच. बालकामगार कायदा आला १९८६ मध्ये, तोही ठरावीक धोक्याच्या कामांपुरता. ढाबे, हॉटेलं आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवायला बंदी आली १० ऑक्टोबर २००६ पासून. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क १ एप्रिल २०१० ला लागू झाला. चौदाखालच्या मुलांना जवळजवळ सगळ्याच कामांवर ठेवायला मनाई झाली ती २०१६ च्या दुरुस्तीनं. म्हणजे 'पोर' आणि 'नोकर' हे दोन अर्थ एकमेकांपासून सोडवायला भाषेला हजारो वर्षांत जमलं नाही, ते कायदा आत्ता आत्ता कुठं करू लागला आहे. आणि चौदा ते अठराच्या मधल्या पोरांचं काय? टपरीवरचा आपला पोरगा सोळाचा आहे. तो कायद्यात बसतो. म्हणून आपण निवांत.

आपल्या सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला तुमच्यापैकी बरेच जण माघ पौर्णिमेच्या यात्रेला गेले असतील. गोंड समाजाची गोष्ट आहे की, तिथल्या गुहेत माता काली कंकालीची तेहतीस पोरं कोंडलेली होती. हिरासुका नावाच्या वादकानं वाद्य वाजवून त्यांच्यात जीव फुंकला, सर्वांनी जोर लावला, दारावरची शिळा हलली आणि पोरं बाहेर पडली. हिरासुका मात्र शिळेखाली गेला. पुढं पारी कुपार लिंगोनं त्या पोरांना शिकवलं, शहाणं केलं. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत होतो. पण 'तलिथा कूम' वाचल्यावर ती मला नव्यानं कळली. दोन्हीकडं गोष्ट एकच आहे. कुणीतरी पोरांना हाक मारतं, पण ती हाक 'ऊठ' अशी असते. 'पाणी आन', 'टेबल पूस' अशी नसते.

रूममेटनं त्या गोष्टीतला शेवट मला नंतर सांगितला. मुलगी उठून चालायला लागते, सगळे थक्क होतात, आणि येशू घरच्यांना सांगतो की हिला काहीतरी खायला द्या. एवढंच! एवढा मोठा चमत्कार झाल्यावर पहिली काळजी कशाची, तर पोरीला भूक लागली असेल याची. मला तर तो चमत्काराहून मोठा वाटला. कारण 'टुरी' या शब्दाचे दोन्ही रस्ते तिथं खुले होते. तिला कामाला लावणारा आणि तिला वाढून देणारा. त्यानं दुसरा निवडला. आजीनं निवडला होता तोच.

शब्द वाईट नसतो हो. 'टुरा' हा शब्द टाकून द्या असं मी म्हणणार नाही. तो आपला आहे, गोड आहे, आपल्या मातीतला आहे. त्याच्या पुढं काय येतं, त्यावर सगळं आहे. "ए टुरा, जेवलास का?" आणि "ए टुरा, फडका मार." आजी आणि मालक यांच्यातला फरक बहुतेक एवढाच होता.

बाबा गेल्यानंतरच्या आठवड्यात मी टपरीवर एकटाच गेलो. पोरगा नेहमीसारखा पहिल्या हाकेला आला, कारण मी हाक मारलीच नव्हती, नुसता बघितलं होतं. मी म्हटलं, "तुझं नाव काय रे?" तो दचकला. त्याला वाटलं काहीतरी तक्रार आहे. "काऊन जी? चहात काई पडलं का?"

तीन वर्षं. हॉटेलमालकाला चार लागली होती, मला तीन. फार मोठी सुधारणा नाही म्हणा!

मग त्यानं नाव सांगितलं. दहावीला गणितात गेला आहे, हेही सांगितलं. आता संध्याकाळी गर्दी ओसरली की आम्ही बाकावर बसून बीजगणित करतो. मी काही मोठं समाजकार्य करतोय असा आव आणत नाही. एम-थ्री मध्ये मला स्वतःलाच बॅक आहे, त्यामुळे शिकवणारा आणि शिकणारा दोघंही सारखेच घाबरलेले असतात. पण परवा त्यानं वर्गसमीकरण एकट्यानं सोडवलं आणि उत्तर बरोबर आलं. उठून असा काही ओरडला की टपरीवरचे सगळे वळून पाहायला लागले. मी बाबांना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "त्याले काही खायले दे."

त्यांनी बायबल वाचलेलं नाही.

त्या पोराचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव त्याचं आहे. उद्या चहाला जाल तेव्हा तुम्हीच विचारा.